डेटा सेंटरच्या विजेत पाणी कुठे मुरतं?

सर्व्हरच्या आतल्या चिपला वीज लागते ती जेमतेम एक व्होल्टची. इंदूरमध्ये मोठ्या ग्राहकाच्या दारात वीज येते ती 33,000 व्होल्टची. या दोन टोकांमधला प्रवास, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, पॅनेल, यूपीएस (वीज गेली तरी बॅटरीवर पुरवठा चालू ठेवणारं यंत्र), केबल, रॅकमधली (सर्व्हर ठेवायच्या कपाटातली) प्लगची पट्टी, सर्व्हरचा पॉवर सप्लाय, मदरबोर्डवरचे रेग्युलेटर, हाच डेटा सेंटरचा विजेचा कारभार. प्रत्येक टप्प्यावर थोडी वीज उष्णता होऊन जाते. ती उष्णता बाहेर काढायला एसी चालतो, म्हणजे पुन्हा वीज.

सुपर कॉरिडॉरवरच्या मोठ्या आयटी कॅम्पसपासून परदेशीपुऱ्यातल्या एखाद्या कंपनीच्या चार रॅकच्या खोलीपर्यंत हे गणित सारखंच आहे. फरक फक्त आकड्यांचा. हॉस्पिटल, सहकारी बँक, शिक्षणसंस्था यांच्या सर्व्हर रूम तर आता सगळीकडेच झाल्या आहेत, आणि त्यांची देखभाल बहुतेक वेळा इमारतीच्या इलेक्ट्रिशियनकडेच असते. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

आधी करंटचा हिशेब

एक मेगावॅट वीज 33 केव्हीवर, म्हणजे 33,000 व्होल्टवर, आणली तर प्रत्येक तारेतून जाणारा करंट असतो साधारण 17.5 अँपिअर. तीच वीज 415 व्होल्टवर आली की करंट होतो 1,390 अँपिअर. 12 व्होल्टवर 83,000, आणि एक व्होल्टवर तब्बल दहा लाख अँपिअर. तारेत वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे करंट दुप्पट झाला तर लॉस चौपट. त्याच जाडीच्या आणि तेवढ्याच लांबीच्या तारेतून 33 केव्हीऐवजी 415 व्होल्टवर तो मेगावॅट न्यायचा म्हटलं, तर लॉस सहा हजार पटींहून जास्त होईल.

यातून पहिला नियम निघतो: वीज उंच दाबावरच, जमेल तितकी लोडच्या (वीज वापरणाऱ्या उपकरणांच्या) जवळ आणायची आणि दाब शेवटच्या क्षणी उतरवायचा. आवाराच्या फाटकाजवळ ट्रान्सफॉर्मर बसवून तिथून दीडशे मीटर 415 व्होल्टच्या जाड केबली ओढणं दिसायला सोपं, पण ती किंमत इमारत उभी आहे तोवर दर महिन्याला मोजावी लागते.

एक उदाहरण करून बघू. 400 किलोवॅटचं लोड, 415 व्होल्ट, पॉवर फॅक्टर (खेचलेल्या एकूण विजेतला प्रत्यक्ष कामी येणारा वाटा) 0.98. करंट येतो 568 अँपिअर. प्रत्येक फेजला 240 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या दोन केबली, अंतर 60 मीटर. केबल गरम असताना तिचा रोध धरून तिन्ही फेजचा मिळून लॉस होतो सुमारे 2.8 किलोवॅट. ट्रान्सफॉर्मर 15 मीटरवर आणला तर तो 0.7 वर येतो. वाचले 2.1 किलोवॅट, वर्षाचे 18,000 हून अधिक युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर जवळजवळ दीड लाख रुपये, नुसते 45 मीटर वाचवल्याचे. केबलचा खर्च वाचला तो वेगळाच.

साखळीतल्या टक्क्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो

साध्या, जुनाट पद्धतीच्या एका मांडणीत आकडे साधारण असे असतात: ट्रान्सफॉर्मर 98.5 टक्के, यूपीएस 95, केबल आणि पॅनेल 99, सर्व्हरचा पॉवर सप्लाय 94, मदरबोर्डवरचे रेग्युलेटर 88. एकेकटा बघितला तर कुणीच वाईट नाही. पण गुणाकार केला की चिपपर्यंत पोचतात शंभरातले 77. नीट निवडलेल्या आणि नीट चालवलेल्या मांडणीत तेच आकडे 99, 97, 99.5, 96 आणि 91 असू शकतात. तेव्हा पोचतात 83. चिपपर्यंत तेवढीच वीज पोचवायची तर खरेदी सुमारे आठ टक्क्यांनी कमी होते.

हे इंदूरकरांना नर्मदेच्या पाण्यावरून लगेच कळेल. जलूदहून सुमारे 70 किलोमीटर पाणी चढवत आणायचं म्हणजे पंपांचं बिल प्रचंड. म्हणून तर महापालिकेने 2023 मध्ये ग्रीन बाँड काढून 244 कोटी रुपये उभे केले आणि जलूदला 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. घरात एक नळ उघडा राहिला तर नुसतं पाणी जात नाही, ते तिथवर चढवायला लागलेली वीजही जाते. सर्व्हरचंही तसंच. चिपवर एक किलोवॅट वाचवला तर वरच्या जुनाट मांडणीत 1.3 किलोवॅट वाचतात, आणि एसीचा वाटा धरला तर पावणेदोनच्या आसपास. त्यामुळे काही काम न करता नुसता चालू असलेला जुना सर्व्हर बंद करणं ही सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत मोठी बचत. कोणत्याही यूपीएसच्या खरेदीआधी हे करावं. सहा महिने ज्याच्याकडे कुणी लॉगिन केलेलं नाही असा सर्व्हर बहुतेक प्रत्येक खोलीत सापडतो.

ट्रान्सफॉर्मर: रात्रंदिवस चालणारा खर्च

ट्रान्सफॉर्मरचे लॉस दोन. एक गाभ्यातला, जो लोड असो नसो, वर्षाचे 8,760 तास चालू. दुसरा वाइंडिंगच्या तांब्यातला किंवा अॅल्युमिनियममधला, जो लोडच्या वर्गाने वाढतो. हे दोन्ही जिथे समान होतात तिथे ट्रान्सफॉर्मर सर्वांत चांगला चालतो. समजा 1,000 केव्हीएच्या (केव्हीए हे क्षमतेचं माप) ट्रान्सफॉर्मरचा गाभ्याचा लॉस दीड किलोवॅट आणि पूर्ण लोडचा वाइंडिंगचा लॉस नऊ किलोवॅट आहे. मग त्याची सर्वोत्तम जागा येते सुमारे 41 टक्के लोडवर. डेटा सेंटरमध्ये दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांना पर्याय म्हणून ठेवतात, त्यामुळे प्रत्येक जण तसाही निम्म्याखालीच चालतो. तेव्हा कोटेशन मागवताना पूर्ण लोडचा आकडा विचारून उपयोग नाही, गाभ्याचा लॉस विचारावा. तेलाच्या वितरण ट्रान्सफॉर्मरसाठी आयएस 1180 हे भारतीय मानक 50 आणि 100 टक्के अशा दोन्ही लोडवर एकूण लॉसची कमाल मर्यादा घालून देतं. त्यातला 50 चा रकाना आपल्या कामाचा.

अमेरिकी पुस्तकांत आणि व्हिडिओंत दिसणारी एक गोष्ट आपल्याकडे उगाच आणू नये. तिकडे इमारतीत 480 व्होल्ट असतात आणि सर्व्हरसाठी 208 करावे लागतात, म्हणून रॅकच्या रांगेशेजारी ट्रान्सफॉर्मरवालं कपाट उभं असतं. आपल्याकडे 415 व्होल्टच्या तीन फेजमधूनच फेज आणि न्यूट्रलमध्ये 240 मिळतात, आणि सर्व्हरचा पॉवर सप्लाय नेमका 200 ते 240 साठीच बनवलेला असतो. मधला ट्रान्सफॉर्मर गाळला की एक-दोन टक्के सरळ वाचतात. तरीही 'आयसोलेशन हवं' म्हणून तो अंदाजपत्रकात हमखास दिसतो. न्यूट्रल-अर्थची बांधणी नीट असेल, अर्थिंग आयएस 3043 प्रमाणे असेल, तर त्याची गरज क्वचितच पडते.

यूपीएस: खरं पाणी इथे मुरतं

यूपीएसच्या माहितीपत्रकावर छापलेली 96 टक्के कार्यक्षमता निम्म्या-पाऊण लोडवरची असते. खोल्यांमधलं वास्तव वेगळं. पुढे वाढ होईल म्हणून मोठा यूपीएस घेतात, वर एकाला एक जोडीदार म्हणून दुसरा तेवढाच घेतात, आणि पाच वर्षं दोघेही रिकामे धावतात.

500 किलोवॅटच्या एका यूपीएसचा कायमचा खर्च, म्हणजे पंखे, कंट्रोल, चोक वगैरे मिळून, सहा किलोवॅट धरा. लोडबरोबर वाढणारा दोन टक्के, आणि वर्गाने वाढणारा पूर्ण लोडला दहा किलोवॅट. आता 250 किलोवॅट लोडवर एकूण लॉस साडेतेरा किलोवॅट, कार्यक्षमता 95 टक्के. छान. पण खोलीत लोड आहे 120 किलोवॅट आणि तो दोन यूपीएसवर 60-60 असा वाटलेला आहे. प्रत्येकाचा लॉस सव्वासात किलोवॅट, कार्यक्षमता 89 टक्के. दोघांचे मिळून साडेचौदा किलोवॅट रात्रंदिवस जळतात. वर्षाला सव्वा लाखाहून जास्त युनिट.

यावर उपाय मॉड्युलर यूपीएसचा. एका चौकटीत 50 किलोवॅटचे कप्पे, लोड वाढेल तसे घालत जायचे. 120 किलोवॅटला तीन कप्पे पुरतात, चौथा राखीव. प्रत्येक जण 60 टक्क्यांवर चालतो, म्हणजे नेमका गोड जागेवर. शिवाय एक कप्पा बिघडला तर तेवढाच बाहेर काढता येतो. मात्र चौकट, बॅटरी किंवा स्टॅटिक बायपास (यूपीएस बिघडला तर लोडला थेट लाइनवर नेणारी वाट) एकच असेल तर ते एकच असण्याचा धोका तसाच उरतो. चार कप्पे म्हणजे चार यूपीएस नव्हेत.

मोठ्या ठिकाणी दुसरी वाट आहे. दोन समान बाजूंऐवजी, म्हणजे विजेच्या दोन स्वतंत्र वाटांऐवजी, तीन बाजू अशा बांधायच्या की कुठल्याही दोघांनी सगळं लोड पेलावं. दोन बाजूंच्या मांडणीत कुणालाही 50 टक्क्यांच्या वर नेता येत नाही. तीनच्या मांडणीत 66 पर्यंत नेता येतं, चारच्या मांडणीत 75 पर्यंत. तेवढ्याच सुरक्षिततेसाठी यंत्रं कमी लागतात आणि ती चांगल्या लोडवर चालतात. किंमत मोजावी लागते ती हिशेबाच्या शिस्तीत, कारण कुठला रॅक कुठल्या दोन बाजूंवर आहे याची वही चुकली की सगळी मांडणी फसते. चार-सहा रॅकच्या खोलीने या फंदात पडू नये.

इको मोडबद्दल. नेहमीच्या पद्धतीत यूपीएस एसी करंटचा (दिशा बदलत राहणाऱ्या) डीसी (एकाच दिशेने वाहणारा) आणि डीसीचा पुन्हा एसी करतो. इको मोडमध्ये बाहेरची वीज जवळजवळ थेट लोडला देतो आणि काही बिघडलं तर काही मिलिसेकंदांत बॅटरीवर जातो. कार्यक्षमता 99 च्या घरात. 500 किलोवॅटवर चार टक्के म्हणजे वर्षाला 1,75,000 युनिट, तेव्हा मोह होणारच. सर्व्हरच्या पॉवर सप्लायमध्ये साधारण 10 ते 20 मिलिसेकंद तग धरण्याइतकी शक्ती कपॅसिटरमध्ये असते, म्हणून हे तांत्रिकदृष्ट्या शक्यही आहे. पण जूनच्या पहिल्या वादळी पावसात लाइनवर पाच मिनिटांत दहा वेळा व्होल्टेज बसतं, आणि प्रत्येक वेळी यूपीएसला उडी मारावी लागते. म्हणून आमचं मत असं: दोन बाजू असतील तर फक्त एकीवर इको मोड ठेवावा, आणि मे अखेरपासून ऑक्टोबरपर्यंत तोही बंद. एकच यूपीएस असेल तर विचारच करू नये.

बॅटरीचं एक वाक्यात: लेड-अॅसिड बॅटरी 25 अंशांवर मोजलेली असते आणि दर दहा अंश वाढीला तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. त्यामुळे इंदूरच्या 42 अंशांच्या मे महिन्यात बॅटरीच्या खोलीचा एसी ही चैन नाही.

फेजचं वाटप: फुकटची बचत

रॅक वाढत जातात तसं ज्याला जो सॉकेट दिसेल त्यात तो प्लग खुपसतो, आणि वर्षभरात एक फेज फुगते. क्लॅम्प मीटर लावून बघा. समजा एकूण लोड 180 अँपिअरचं आहे. तिन्ही फेजवर 60-60-60 असं वाटलं तर वर्गांची बेरीज होते 10,800 आणि न्यूट्रलमध्ये काहीच नाही. तेच 90-60-30 असं असेल तर फेजच्या वर्गांची बेरीज 12,600, आणि न्यूट्रलमधून वाहतात 52 अँपिअर, म्हणजे आणखी 2,700. एकूण 15,300. काम तेवढंच, केबलमधला लॉस 42 टक्क्यांनी जास्त. वर 90 अँपिअरवाली फेज आधी भरते, म्हणून पॅनेलमध्ये जागा असूनही नवा रॅक लावता येत नाही.

न्यूट्रलकडे आणखी एका कारणाने लक्ष हवं. सिंगल फेजच्या इलेक्ट्रॉनिक लोडमधून निघणारे तिसऱ्या पटीचे हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतले जादा करंट) तिन्ही फेजमध्ये एकमेकांना खोडत नाहीत, ते न्यूट्रलमध्ये एकत्र जमा होतात. आजच्या सर्व्हरच्या पॉवर सप्लायमध्ये पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट असतं, त्यामुळे हा त्रास खूप कमी झाला आहे. पण त्याच पॅनेलवर स्वस्त एलईडी ड्रायव्हर आणि जुने संगणक असतील तर नाही. न्यूट्रलची केबल फेजइतकीच जाड ठेवायची, निम्मी कधीच नाही. आणि न्यूट्रलचा जोड सुटला तर काय होतं हे प्रत्येक मिस्त्रीला माहीत असायला हवं: ज्या फेजवर लोड कमी, तिथलं व्होल्टेज 240 वरून चढत चढत 415 कडे जातं आणि त्या फेजवरचं सगळं जळतं.

एका सैल बोल्टची गोष्ट

लॉसच्या हिशेबात जोडांची नोंद कुणी धरत नाही, पण आगीच्या हिशेबात ते पहिले येतात. चांगल्या दाबून बसवलेल्या जोडाचा रोध मायक्रोओहममध्ये असतो. 100 मायक्रोओहम धरला, तर 568 अँपिअरवर तिथे 32 वॅट निघतात. बसबारच्या (पॅनेलमधल्या धातूच्या जाड पट्टीच्या) अंगात ते सहज मुरतात. जोड सैल होऊन एक मिलिओहमवर गेला की होतात 322 वॅट. सोल्डरिंग आयर्न 25 वॅटची असते; तिच्या तेरापट उष्णता एका लगच्या (केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या तुकड्याच्या) तळव्यावर. मग लगचा रंग आधी करडा आणि नंतर निळसर होतो, शेजारचं इन्सुलेशन तपकिरी पडतं, ऑक्साइडचा थर वाढतो, रोध आणखी वाढतो. हे चक्र स्वतःच स्वतःला वेग देतं.

अॅल्युमिनियमच्या केबलीत हे अधिक होतं, कारण ते दाबाखाली हळूहळू सरकतं आणि हवेत लगेच ऑक्साइड धरतं. तांब्याच्या बसबारवर अॅल्युमिनियमचा लग सरळ बोल्टने आवळू नये, बायमेटलिक (दोन्ही धातूंचा) लग वापरावा. केबलचं टोक ब्रशने घासायचं, जॉइंटिंग कंपाउंड लावायचं, त्या मापाच्याच डायने क्रिम्प करायचं. बोल्ट हाताच्या अंदाजाने नाही तर टॉर्क रेंचने, उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे आवळायचा, आणि आवळल्यावर बोल्टच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत मार्करने एक सरळ रेघ ओढायची. पुढच्या तपासणीत रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरला आहे हे दुरूनच कळतं. थर्मल कॅमेऱ्याने तपासणी करायची ती लोड जास्त असतानाच. रविवारी सकाळी रिकाम्या पॅनेलचे फोटो काढून अहवाल देणं निरर्थक आहे. एकाच पॅनेलच्या तीन फेजचे सारखे जोड एकमेकांशी ताडून बघा. लोड सारखं असताना एक जोड इतर दोघांपेक्षा पंधरा-वीस अंशांनी गरम असेल तर शटडाउन मागून घ्या.

जनरेटर आणि उलटा पॉवर फॅक्टर

पॉवर फॅक्टर म्हटलं की आपल्याला लॅगिंग, म्हणजे मोटरींमुळे मागे पडणाराच आठवतो, आणि उपाय म्हणून कपॅसिटरचं पॅनेल. डेटा सेंटरमध्ये अनेकदा उलटं असतं. सर्व्हरच्या पॉवर सप्लायच्या आणि यूपीएसच्या तोंडाशी फिल्टरचे कपॅसिटर असतात. लोड हलकं असताना त्यांचाच प्रभाव उरतो आणि पॉवर फॅक्टर लीडिंग, म्हणजे पुढे जाणारा, होतो. लाइनवर हे फारसं जाणवत नाही. वीज गेली, डीजी (डिझेल जनरेटर) सुरू झाला की जाणवतं. अल्टरनेटर (डीजीतला वीज तयार करणारा भाग) लीडिंग भार फार सोसू शकत नाही. त्याचं व्होल्टेज नियंत्रकाच्या हातातून सुटून वर चढतं आणि डीजी ओव्हरव्होल्टेजवर ट्रिप होतो. बाहेर अंधार, डीजी धडधाकट, डिझेल भरलेलं, तरी सर्व्हर बॅटरीवर, आणि बॅटरी दहा मिनिटांची. दोष शोधायला दिवस जातो, कारण सगळे इंजिन तपासत बसतात.

यासाठी डीजी चालू होताच कपॅसिटर पॅनेल आपोआप बाजूला होईल असा इंटरलॉक हवा, डीजीवर एसीचे कॉम्प्रेसर आधी आणि यूपीएस हळूहळू असा क्रम हवा, आणि डीजी यूपीएसच्या मानाने नुसता मोठा नाही तर योग्य अल्टरनेटरचा हवा. फार मोठा डीजीही वाईट. 30 टक्क्यांखाली सतत चालला की डिझेल पूर्ण जळत नाही आणि सायलेन्सरमधून काळा ओलसर चिकटा गळू लागतो.

रॅकमध्ये

रॅकला 32 अँपिअरची सिंगल फेज दिली तर सुमारे साडेसात केव्हीए मिळतात, 32 अँपिअरची तीन फेज दिली तर 23 केव्हीए. केबलींचं जंगल तेवढंच, वीज तिप्पट. नव्या खोलीत सुरुवातीपासून तीन फेजच द्यावी. लांब रांगांना जमिनीखालून वेगवेगळ्या केबली नेण्यापेक्षा डोक्यावरून बसबारची नळी नेणं चांगलं. त्यात कुठेही टॅप-ऑफ बॉक्स लावता येतो आणि फ्लोअरखालची थंड हवेची वाट मोकळी राहते.

सर्व्हरचे पॉवर सप्लाय बहुतेक ठिकाणी गरजेपेक्षा मोठे असतात. '80 प्लस' या कार्यक्षमतेच्या प्रमाणपत्राच्या टायटॅनियम दर्जाला 230 व्होल्टवर 10 टक्के लोडला 90, 20 टक्क्यांना 94, 50 टक्क्यांना 96 आणि पूर्ण लोडला 91 टक्के कार्यक्षमता द्यावी लागते. आता 300 वॅट खाणाऱ्या सर्व्हरमध्ये 1,600 वॅटचे दोन सप्लाय बसवले तर प्रत्येकावर 150 वॅट, म्हणजे नऊ टक्के; कार्यक्षमता 90 च्या आसपास. 800 वॅटचे घेतले असते तर 19 टक्के लोड आणि 94. ऑर्डर फॉर्मवर एक ओळ बदलून मिळणारी ही बचत पुढे सर्व्हर निकामी होईपर्यंत चालते.

आणि एक महत्त्वाची गोष्ट. पीयूई हा प्रसिद्ध आकडा, म्हणजे इमारतीची एकूण वीज भागिले आयटी उपकरणांची वीज, सर्व्हरच्या प्लगपाशी थांबतो. पॉवर सप्लायमधली आणि सर्व्हरच्या पंख्यांमधली नासाडी त्यात 'आयटी लोड' म्हणून धरली जाते. वाईट पॉवर सप्लाय लावला तर पीयूई उलट सुधारलेला दिसतो. म्हणून पीयूई एका खोलीचा कालचा आणि आजचा ताडून बघायला ठीक, पण केवळ त्यावर खरेदीचे निर्णय घेऊ नयेत.

एआयच्या रॅकनी हे सगळं ताणलं आहे. एका रॅकला 120 किलोवॅट लागतात तेव्हा 12 व्होल्टच्या पट्टीवर दहा हजार अँपिअर होतील. 48 व्होल्टवर अडीच हजार, आणि त्याच पट्टीत लॉस सोळावा हिस्सा. गूगलने 2016 मध्ये ओपन कम्प्यूट प्रोजेक्टमध्ये 48 व्होल्टच्या रॅकची रचना मांडली ती याच कारणाने. आता अडीच हजारही जड होऊ लागलेत, म्हणून एनव्हिडियाने 2025 मध्ये 800 व्होल्ट डीसीची मांडणी जाहीर केली; तिथे 120 किलोवॅटला 150 अँपिअर पुरतात. अडचण ब्रेकरची आहे. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो आणि ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीत ती आपसूक विझत नाही. म्हणून एसीसाठीचा ब्रेकर डीसीवर वापरू नये; त्यावर डीसीचं रेटिंग छापलेलं असेल तरच वापरावा.

मोजताना

यूपीएसच्या आधी एक मीटर, नंतर एक, आणि वजाबाकी म्हणजे लॉस, असं सगळे करतात. आत 500 किलोवॅट, बाहेर 475, लॉस 25. पण मीटर क्लास 1 चे असतील तर प्रत्येकात एक टक्का चूक चालते, म्हणजे दोन्हीकडे जवळजवळ पाच किलोवॅट. खरा लॉस 15 ते 35 मध्ये कुठेही असू शकतो. एवढ्या आकड्यावर दोन टक्के बचतीचा दावा तपासता येत नाही. त्यासाठी दोन्हीकडे क्लास 0.2 चे मीटर आणि त्याच दर्जाचे सीटी (करंट मोजण्यासाठीचे छोटे ट्रान्सफॉर्मर) हवेत, नाहीतर यूपीएसच्या खोलीची उष्णता मोजून ताळा घ्यावा.

ए आणि बी: ही चाचणी नक्की करा

प्रत्येक सर्व्हरला दोन प्लग, एक ए बाजूवर, एक बी बाजूवर. दोन्ही बाजू 32 अँपिअरच्या ब्रेकरवर. ए वर 24 अँपिअर, बी वर 23. दोन्ही पॅनेलवर हिरवे दिवे. आता ए गेली की बी वर येतात 47 अँपिअर, म्हणजे ब्रेकरच्या 1.47 पट. एमसीबीच्या (अशा छोट्या ब्रेकरच्या) मानकाप्रमाणे 1.13 पटीवर तो तासभर ट्रिप व्हायला नको, आणि 1.45 पटीवर तासाभरात ट्रिप व्हायलाच हवा. म्हणजे बी लगेच पडत नाही. दहा-वीस मिनिटं सगळं ठीक दिसतं, माणसं सुस्कारा टाकतात, आणि मग अख्खा रॅक बंद पडतो.

म्हणून दोन्ही बाजूंची बेरीज एका ब्रेकरच्या 80 टक्क्यांत बसायला हवी. 32 ला साधारण 25 अँपिअर, म्हणजे प्रत्येक बाजूला साडेबारा. फेजनिहाय, नुसती एकूण नाही. चाचणीच्या आधी प्रत्येक सर्व्हरचे दोन्ही प्लग खरोखर वेगवेगळ्या पट्ट्यांवर आहेत का हे हाताने वायर धरून तपासा. काळ्या सारख्या वायरींत दोन्ही एकाच पट्टीवर गेलेले हमखास सापडतात, म्हणून ए साठी लाल आणि बी साठी निळी कॉर्ड घ्या. एकच प्लग असलेली उपकरणं, छोटे स्विच आणि मॉडेम वगैरे, आधी स्टॅटिक ट्रान्सफर स्विचवर (एक बाजू गेली की दुसरीवर आपोआप नेणाऱ्या स्विचवर) न्या. कुठल्या सर्व्हरमध्ये एक सप्लाय 'हॉट स्पेअर' म्हणून झोपवला आहे तेही बघा. सगळ्यांत ए चाच जागा असेल तर एकाच बाजूवर सगळं लोड बसलेलं असतं. मग कमी गर्दीच्या वेळी, बॅकअप झाल्यावर, एका वेळी एकाच रॅकची ए बाजू ब्रेकरने बंद करा. पाच मिनिटांनी बी च्या तिन्ही फेजचं रीडिंग घ्या, तिसाव्या मिनिटाला पुन्हा, आणि साठाव्या मिनिटाला पुन्हा. त्या तासात बी च्या ब्रेकरच्या टर्मिनलचं तापमानही लिहून ठेवा. ए परत चालू करून दोन्ही बाजूंवर लोड पुन्हा वाटलं गेल्याची खात्री झाली, की मगच पुढच्या रॅककडे जा.